बल्ब फुटून टोपी होल्डरमध्येच अडकली? बटणावर भरवसा ठेवू नका

अहिल्यानगर : पावसाळ्यात गोठ्यातला तापलेला पिवळा बल्ब आणि पत्र्यातून गळलेला एक थेंब, एवढं काच फुटायला पुरतं. काच खाली गव्हाणीत पडते. वर होल्डरमध्ये राहते धातूची टोपी आणि तिच्यातून बाहेर आलेल्या दोन बारीक तारा.

धार काढायची घाई असते. मग माणूस बटण बंद करतो, स्टुलावर चढतो आणि पक्कड घालतो. धोका इथंच आहे. बटण खरं तर फेजच्या वायरवर पाहिजे, पण गावाकडच्या बऱ्याच जुन्या फिटिंगमध्ये ते न्यूट्रलवर बसवलेलं असतं. बल्ब विझतो, पण फेज होल्डरपर्यंत तसाच. उघड्या तारेला हात लागला की २३० व्होल्टचा झटका. गोठ्यात वायर ओढून दोन पिनच्या प्लगवर लाईट घेतली असेल तर पिन उलटी लागली तरी हेच होतं. तिथं प्लगच काढून ठेवावा.

‘लाईट गेलेलीच आहे की’ म्हणून हात घालणारेही आहेत. ती परत कधी येईल, काही नेम आहे का?

म्हणून आधी जनावरं बाजूला बांधा. चालू पॉइंटवर टेस्टर पेटतो का ते बघा. मग मेन स्विच बंद करा, किटकॅट फ्यूज असेल तर काढून खिशात ठेवा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद, कारण त्याची लाईन मेन बंद केला तरी चालू राहते. बोर्डाजवळ घरातलं कुणीतरी उभं करा. आता दोन्ही तारांना टेस्टर लावून खात्री करा.

पायात कोरडी चप्पल, हातात जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. उरलेली काच पकडीनं काढा. टोपीची कड पकडीत धरून आधी आत दाबायची, मग खालून बघताना डावीकडं फिरवायची. आपल्याकडचे बहुतेक होल्डर खटक्याचे असतात, न दाबता पिळलं तर होल्डरच तुटतो.

मोबाईलवर बटाटा खुपसून बल्ब काढायचे व्हिडिओ फिरतात. ती युक्ती आट्याच्या बल्बची. बटाटा ओला असतो, त्यातून वीज जाते, वर रस होल्डरमध्ये उतरतो. बटाटा भाजीलाच ठेवा.

फुटलेला सीएफएल असेल तर त्यात थोडा पारा असतो. दारं-खिडक्या उघडून थोडा वेळ बाहेर थांबा. झाडू न मारता तुकडे पुठ्ठ्यानं गोळा करा, बारीक चुरा ओल्या कागदानं टिपा.

गव्हाणीतला चारा झटकून परत घालू नका, सगळा काढून टाका. गाय चारा निवडून खात नाही, काच सरळ पोटात जाते.

टोपी निघाल्यावर होल्डर काळा पडलेला किंवा तडकलेला दिसला तर नवा बल्ब लावू नका, वायरमनकडून होल्डरच बदलून घ्या. मीटरच्या किंवा खांबाच्या बाजूला ठिणगी दिसली तर तिथं हात न लावता महावितरणला १९१२ वर कळवा.