कचेरी अशी का बांधली?

मी सात-आठ वर्षांचा असेन. आमच्या शेताचा फेरफार अडकला होता. वडील मला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेले. कचेरी काळ्या दगडाची. समोर सहा उंच पायऱ्या. वडिलांनी पहिल्या पायरीखाली वहाणा काढल्या. देवळात काढतात तशा.

मी विचारले, "बाबा, इथं कोणता देव आहे?"

"चूप बस," वडील म्हणाले.

वर चपराशी बसला होता. "साहेब दौऱ्यावर आहेत. उद्या या," असे त्याने सांगितले. हे उद्या तीन वेळा झाले. त्यापायी ऐन पेरणीतले तीन दिवस गेले.

त्या पायऱ्या माझ्या मनातून गेल्या नाहीत. पुढे मी मास्तर झालो. शाळेच्या खोल्या बांधताना म्हाताऱ्या गवंड्यांजवळ बसून त्यांना प्रश्न विचारले. जे कळले ते तुम्हाला सांगतो.

पूर्वी आपल्या वऱ्हाडात सरकार म्हणजे गढी. देशमुख-देशपांड्यांची गढी पांढऱ्या मातीची असे. पुष्कळ गावांत तिचे ढिगारे अजून दिसतात. मोठ्या गावी किल्ला. अकोल्याचा किल्ला असदखानाने १६९७ साली बांधला, म्हणून त्याला असदगड म्हणतात. बाळापूरचा किल्ला १७५७ साली पुरा झाला. अमरावतीला १८०७ साली निजामाच्या सरकारने गावाभोवती दगडी परकोट घातला. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. भीती होती पेंढाऱ्यांची. पेंढारी म्हणजे घोड्यावरून येऊन गाव लुटणाऱ्या टोळ्या. तेव्हाच्या इमारतीचे पहिले काम म्हणजे शत्रूला बाहेर ठेवणे.

निजामाने इंग्रजांची फौज पोसण्याचे कबूल केले होते. त्या खर्चाचे देणे थकले. म्हणून १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला. १९०२ साली दुसरा करार झाला. वर्षाला २५ लाख रुपये निजामाला द्यायचे आणि वऱ्हाड कायमचा आपल्याकडे ठेवायचा, असा तो करार. आपण सावकाराकडे शेत गहाण टाकतो, तशी ही गोष्ट. फरक एवढाच की इथे अख्खा मुलूखच गेला, आणि त्या मुलखातल्या माणसांना कोणी विचारले नाही.

इंग्रजांनी आधी जुन्याच जागा वापरल्या. बाळापूरच्या किल्ल्यात सरकारी कार्यालये बसवली. अकोल्याचा किल्ला १८७० च्या सुमारास पाडला. त्याचा राहिलेला भाग पुढे शाळेसाठी वापरला. मला मास्तर म्हणून ही गोष्ट फार आवडते. मग त्यांनी गावापासून दूर, मोकळ्या मैदानात नवी वस्ती केली. अमरावतीत त्या भागाला आजही कॅम्प म्हणतात. कचेरी, साहेबाचा बंगला, कोर्ट, तुरुंग, सारे तिकडे.

ही बांधकामे करायला सरकारने १८५४ साली वेगळे खाते काढले. तेच आजचे सार्वजनिक बांधकाम खाते. या खात्याने ठरावीक नकाशे केले. म्हणून एका गावचा डाकबंगला पाहिला की दहा गावचे पाहिल्यासारखे होते.

आता इमारत पाहू. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर भिंत ठेवली तर ती फाटणारच. म्हणून काळी माती खणून खाली मुरूम लागेपर्यंत पाया नेत. पाण्यापासून आणि वाळवीपासून बचाव व्हावा म्हणून जोते उंच घेत. जोते उंच म्हटले की पायऱ्या आल्याच. म्हणजे माझ्या वडिलांनी जिथे वहाणा काढल्या, ती उंची अर्धी काळ्या मातीमुळे होती.

उरलेली अर्धी मात्र मुद्दाम होती. साहेबाची बग्गी उभी राहावी म्हणून बरोबर मध्यभागी छपराचा पोर्च. रयत खाली, साहेब वर. कोर्टात तर न्यायाधीशाची खुर्ची चौथऱ्यावर. माणूस वर पाहून बोलू लागला की त्याचा आवाज आपोआप खाली येतो. बांधणाऱ्यांना हे चांगले ठाऊक होते.

भिंती दीड-दोन फूट जाड. दगड चुन्यात बसवलेला. हा चुना घाणीत मळत. गोल चरात दगडी चाक, ते बैल फिरवत. चुन्यात विटांची भुकटी घालत. जाड भिंत तापायला सारा दिवस लागतो. छत उंच, वर झरोके. गरम हवा वर चढते आणि झरोक्यातून निघून जाते. चारी बाजूंनी वऱ्हांडा, म्हणजे भिंतीला ऊनच लागत नाही. छपराला सागवान आणि कवेलू. १८६७ साली मुंबईची रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. मग लांबचे लोखंडी गर्डरही येऊ लागले.

साहेबाच्या डोक्यावर कापडी पंखा टांगलेला असे. त्याची दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर जाई. बाहेर वऱ्हांड्यात एक माणूस बसून ती दिवसभर ओढी. वारा आत, घाम बाहेर! काही जुन्या इमारतींत ते भोक अजून असते. दिसले तर बोट घालून पाहा.

सर्वांत भक्कम दोन खोल्या. एक खजिन्याची, दुसरी दफ्तराची. खजिन्यात पैसा. दफ्तरात लाल कापडात बांधलेले बस्ते. कोणाचे शेत किती, कोणाच्या नावावर, सारे त्यात. माझ्या मते दुसरी खोली जास्त मोलाची. खजिना पुन्हा भरता येतो.

स्वातंत्र्यानंतर कामे वाढली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पंचायत समित्या आल्या, दवाखाने आले, शाळा आल्या. इतक्या इमारती दगड घडवत बसून होणाऱ्या नव्हत्या. म्हणून सिमेंट आणि लोखंड आले. त्याची युक्ती तुम्हाला नवी नाही. तुराट्यांचा कूड आपण मातीने लिंपतो ना? नुसती माती फुटते, नुसत्या तुराट्या वाकतात, दोन्ही मिळून भिंत उभी राहते. तसेच सिमेंटचे काँक्रीट दाब सोसते आणि आतली लोखंडी सळई ताण सोसते. खांब आणि तुळयांवर सारा भार, म्हणून भिंत पातळ चालते आणि मजल्यावर मजला चढतो.

पण पातळ स्लॅब उन्हात लवकर तापतो. अकोल्याच्या उन्हाळ्यात अशा खोलीत दुपारी बसून पाहा! शिवाय आपल्याकडे पूर्णेच्या काठी खारपाणपट्टा आहे. ते खारे पाणी काँक्रीटमध्ये वापरले तर आतली सळई गंजते, फुगते आणि सिमेंटचे पोपडे पडतात. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करतात, तीही चूकच. भिंतीतली ओल कोंडते आणि दगडाचे सांधे खिळखिळे होतात. चुन्याला चुनाच लावावा.

कागदांना सर्वांत मोठे भय आगीचे. मुंबईत मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी आग लागली. वरचे मजले जळाले, कितीतरी फायली गेल्या. आता कागद संगणकातही ठेवतात. सातबारा तसा मिळतोही. पण जुना फेरफार पाहायचा तर पुष्कळदा अजून दफ्तराचीच खोली गाठावी लागते.

मागच्या वर्षी मी आमच्या प्रौढ वर्गाला तालुक्याला नेले. वर्गात एक आजी आहेत. सत्तरीच्या. त्यांना सासऱ्याच्या वेळचा फेरफार पाहायचा होता. नव्या इमारतीलाही पायऱ्या होत्याच, पण बाजूला उताराची वाट होती. अपंगांसाठी अशी सोय हवी, असे २०१६ चा कायदा सांगतो. आजींचे गुडघे दुखतात. त्या उतारावरूनच वर गेल्या.

आत पाट्याच पाट्या. आजी एकेक अक्षर लावून वाचू लागल्या. "अ-भि-लेख कक्ष. गुर्जी, हे काय असते?"

"रेकॉर्डची खोली. जुने कागद," मी म्हणालो.

"मग तसं लिहायचं ना! काहून इतकं अवघड करतेत?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. शेजारच्या भिंतीवर मोठा फलक होता. कोणते काम, किती दिवसांत, कोणाकडे, हे त्यावर लिहिले होते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने असा फलक लावावाच लागतो. आजींनी तो सावकाश वाचला. आत बाबूने "उद्या या" म्हटले. आजी म्हणाल्या, "उद्या येतो बापा, पण आज अर्ज घे अन् पोच दे."

बाबूने त्यांच्याकडे पाहिले आणि पोचेवर शिक्का मारला. आजींनी शिक्क्यावरची तारीख वाचून पाहिली, कागदाची घडी बटव्यात ठेवली आणि पाणी कुठे मिळते ते विचारले.