समुपदेशकाच्या पाठीशीही कुणीतरी हवं

"मॅडमना सगळं सांगितलं, तर त्या मलाच शिकवायला लागल्या." नवऱ्याच्या दारूपायी समुपदेशकाकडे गेलेली वस्तीतली एक ताई मला सांगत होती. ती पुन्हा गेलीच नाही.

मी नर्स होते तेव्हा नव्या मुलींच्या कामावर इनचार्ज सिस्टरचं लक्ष असायचं. डोस चुकला तर तो पेशंटपर्यंत पोचण्याआधी सापडायचा. समुपदेशकाचं औषध म्हणजे ऐकणं आणि बोलणं. तेही चुकू शकतं. म्हणून समुपदेशकाने ठरावीक दिवसांनी एखाद्या अनुभवी समुपदेशकासमोर बसून आपल्या कामाबद्दल बोलायचं असतं. याला सुपरव्हिजन म्हणतात. रजिस्टर भरलं का, हे तपासणं वेगळं. ब्रिटनमधल्या बीएसीपी या समुपदेशकांच्या संघटनेत काम करणाऱ्या सदस्याला नियमित सुपरव्हिजन घ्यावंच लागतं.

यात आपला फायदा काय?

चूक वेळेत कळते. "ही बाई नवऱ्याला सोडत का नाही?" असं समुपदेशक वैतागून म्हणाली, तर सुपरव्हायझर विचारते, "खोलीचं भाडं कोण भरतं? माहेरचा आधार आहे का? मारहाण होते का, हे विचारलंस का?" पुढच्या भेटीत त्या ताईला उपदेश नव्हे, प्रश्न ऐकू येतात.

पूर्वग्रह उघडा पडतो. "या वस्तीत असंच चालतं" हे वाक्य समुपदेशकाच्या मनात असेल, तर जातीमुळे झालेला अपमान तिला दुखणं वाटतच नाही. ते दाखवून देणारं कुणीतरी लागतं.

जीव वाचू शकतो. कुणी आत्महत्येबद्दल बोललं, तर घरच्यांना कधी सांगायचं, मानसोपचारतज्ज्ञाकडे कधी पाठवायचं, हे एकटीने ठरवावं लागत नाही.

शिवाय रोज दुसऱ्याचं दुःख ऐकून समुपदेशकही थकते. थकलेला माणूस ऐकत नाही, उरकतो.

"मग माझी गोष्ट चारचौघांत जाईल का?" नाही. सुपरव्हिजनमध्ये नाव-पत्ता झाकूनच बोलायचं असतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

तेव्हा पहिल्याच भेटीत न लाजता विचारा: "तुम्ही तुमच्या कामाबद्दल कुणाशी बोलता? माझ्याबद्दल त्यांना काय सांगता?" चांगली समुपदेशक या प्रश्नाने रागावणार नाही. एकीकडे जमलं नाही, तर दुसरीकडे जा. पण मदत घेणं सोडू नका. टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो.