हरिकेन : लढाई पेलणारं विमान

ब्रिटनच्या लढाईचं नाव निघालं की आठवतं ते स्पिटफायर. देखणं आणि वेगवान. त्याचं कौतुक झालं यात नवल नाही. पण १९४०च्या त्या उन्हाळ्यात ब्रिटिश लढाऊ विमानांनी जितकी जर्मन विमानं पाडली, त्यांतली निम्म्याहून अधिक हॉकर हरिकेनच्या खाती जमा आहेत.

सिडनी कॅम यांनी आखलेलं हे विमान ६ नोव्हेंबर १९३५ रोजी ब्रुकलँड्सहून पहिल्यांदा उडालं. नाकात रोल्स-रॉइसचं बारा सिलिंडरचं मर्लिन इंजिन, पंखांत आठ ब्राउनिंग मशीनगन. मागची बांधणी मात्र जुन्या वळणाची : धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि त्यावर ताणून बसवलेलं, डोप नावाच्या रोगणाचे हात दिलेलं लिननचं कापड. ही जुनी पद्धतच कामी आली. गोळी कापडातून आरपार जाई, तळावरचे फिटर भोकावर ठिगळ चिकटवत आणि डोप वाळला की विमान पुन्हा उड्डाणाला तयार. पत्र्याच्या स्पिटफायरला दुरुस्तीसाठी जास्त वेळ आणि कसब लागे.

उणिवाही होत्या, आणि त्यांची किंमत वैमानिकांनी मोजली. जर्मन मेसरश्मिट १०९ हरिकेनपेक्षा वेगवान होतं. सलग मारा केला तर सगळ्या गोळ्या सुमारे पंधरा सेकंदांत संपत, म्हणून शत्रूच्या अगदी जवळ जावं लागे. पेट्रोलची एक टाकी तर वैमानिकाच्या समोरच होती. १६ ऑगस्ट १९४० रोजी साउदम्पटनजवळ जेम्स निकोल्सन यांच्या विमानानं पेट घेतला. ते उडी मारण्याच्या बेतात होते, तेवढ्यात समोर शत्रूचं विमान दिसलं. जखमी अवस्थेत, आगीच्या झळा सोसत त्यांनी आधी त्याच्यावर मारा केला आणि मगच हवाई छत्रीनं उडी मारली. संपूर्ण युद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या फायटर कमांडला मिळालेला एकमेव व्हिक्टोरिया क्रॉस त्यांचा.

हरिकेनच उडवणाऱ्या, पोलिश वैमानिकांच्या ३०३ स्क्वाड्रनमधले योसेफ फ्रांतिशेक हे चेक. तुकडीची रांग मोडून ते एकटेच शिकारीला निघत. एकट्या सप्टेंबर महिन्यात त्यांच्या नावावर १७ विमानं लागली. ८ ऑक्टोबरला विमान कोसळून ते गेले.

हरिकेन आपल्याकडेही लढलं. १९४४ साली इम्फाळच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनकडे हीच विमानं होती आणि नेतृत्व अर्जन सिंग यांच्याकडे. त्या कामगिरीसाठी त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. पुढे ते मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स झाले.

अशी चौदा हजारांहून अधिक हरिकेन बांधली गेली. सर्वांत वेगवान विमान हाती असणं ही मोठी गोष्ट खरीच. पण आज मार खाल्लेलं विमान उद्या पुन्हा लढायला उभं राहणं ही त्याहून मोठी. या कसोटीवर १९४० सालचा पहिला मान हरिकेनचाच.