डॉक्टरांचा थकवा

१९५६ साली निघालेले आपल्या शहरातले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे सगळ्या मराठवाड्याची 'घाटी'. बीड-जालन्याचा रोगी रात्री तिथे पोचला की समोर येतो तो निवासी डॉक्टर. कदाचित सकाळपासून उभाच. सलग १२ तास, आठवड्याला ४८ तास, हा केंद्राचा नियम १९९२ चा. तो सगळीकडे पाळला जात नाही. अशाने माणूस आतून विझतो, रोग्याविषयीची माया आटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याला आजार न म्हणता कामातून येणारी अवस्था म्हटले. तेव्हा आधी काम आवरायला हवे; योगवर्ग चांगले, पण झोप भरून काढीत नाहीत. आभार मात्र आपल्या हातचे. बरा झालेला रोगी सहसा परत फिरकत नाही, डॉक्टरच्या कानी पडते ती तक्रारच. घरी गेल्यावर वॉर्डाच्या नावे एक कार्ड टाकावे. आणि खाटेभोवती सारे गणगोत नको. एकानेच जुने कागद घेऊन बोलावे.