आकाशातील पाहुणे कोठले?

पृथ्वीबाहेर जीवसृष्टी असेल काय, हा प्रश्न निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दूरचे ग्रह आणि उडत्या तबकड्या उभ्या राहतात. परंतु परक्या जीवाच्या शोधार्थ इतके दूर जावयास हवेच काय? तो जीव आपण होऊन आपल्या दारी येत असेल तर? डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांचे सहकारी हा प्रश्न नुसता विचारून थांबले नाहीत. त्याच्या उत्तरासाठी त्यांनी हैदराबादेहून आकाशात फुगे सोडले.

या कल्पनेचे मूळ केंब्रिजचे. नारळीकरांचे तेथील गुरू फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचे मत असे की, जीवनाची बीजे धूमकेतूंच्या द्वारा अंतराळात विखुरतात व पृथ्वीवरही पडतात. हे मत बहुसंख्य शास्त्रज्ञांना मान्य झाले नाही. पण मत मान्य नसणे वेगळे आणि ते कसोटीस लावून पाहणे वेगळे. बीजे वरून पडत असतील, तर ती उंच वातावरणात सापडली पाहिजेत, हे उघड आहे.

मात्र ती जमिनीवरून वर गेलेली नाहीत, हे कसे ओळखावे? आपल्याकडे सुमारे सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत हवा खालीवर घुसळत असते. त्याच्यावर उंचीबरोबर हवा उबदार होत जाते, आणि वरचा उबदार थर खालच्या गार थरात सहजासहजी मिसळत नाही. म्हणून खालची धूळ तेथवर क्वचितच पोहोचते. नमुने घ्यावयाचे तर ते याहून पुष्कळ वरचे घ्यावे लागतात.

पहिले उड्डाण जानेवारी २००१ मध्ये झाले आणि वरच्या हवेत जिवंत पेशी आढळल्या. अधिक कसोशीचे दुसरे उड्डाण २० एप्रिल २००५ रोजी झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रावरून सोडलेल्या त्या प्रचंड फुग्याखाली पोलादाची सोळा नळकांडी होती. ती आतून निर्जंतुक व निर्वात केलेली होती, आणि द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेली होती. त्या विलक्षण थंडीमुळे आत शिरणारी हवा गोठते, जागा रिकामी होते आणि आणखी हवा ओढली जाते. वरची हवा इतकी विरळ असते की, या युक्तीवाचून पुरेसा नमुना मिळणेच कठीण. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवा भरून घेऊन ही नळकांडी हवाई छत्रीने सुखरूप खाली आली.

हैदराबाद आणि पुणे येथील प्रयोगशाळांत त्यांची तपासणी झाली. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. त्यांत जिवाणूंच्या तीन जाती अगदी नव्या होत्या, आणि अतिनील किरणांचा मारा सोसण्याची त्यांची शक्ती त्यांच्या जवळच्या आप्तांहून अधिक होती. २००९ मध्ये त्यांची नावे जाहीर झाली. एका जातीला हॉईल यांचे, दुसरीला भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे, तर तिसरीला आर्यभटाचे नाव मिळाले.

मग परका जीव सापडला म्हणावयाचे काय? येथेच खरी परीक्षा होती. अतिनील किरण सोसण्याची शक्ती अंतराळातून आल्याची खूण असू शकेल. पण पृथ्वीवरून चुकून वर गेलेल्या जंतूंपैकी जे काटक तेच टिकले, असेही म्हणता येते. त्यांची जनुके पृथ्वीवरील जंतूंशी नाते सांगणारी होती. हॉईल यांचा पक्ष म्हणेल, पृथ्वीवरचे जीवनच मुळात वरून आले, तर नाते असणारच! एकच पुरावा दोन्ही पक्षांना सारखाच लागू पडत असेल, तर त्यावरून निकाल देता येत नाही.

तो निकाल देण्याचा मोह या संशोधकांनी टाळला. जंतू पृथ्वीबाहेरून आले हे या अभ्यासाने निर्णायकपणे सिद्ध होत नाही, मात्र शोध पुढे चालवावयास उत्तेजन मिळते, असे जाहीर निवेदनातच स्पष्ट केले गेले. गुरूचे मत खरे ठरावे असे शिष्याला वाटणे स्वाभाविक आहे, आणि जगभर गाजावाजा होण्यास एक वाक्य पुरेसे होते. ते वाक्य उच्चारले गेले नाही. पुढे आर्यभटाचे नाव धारण करणारी जिवाणूंची जात शेतातील मातीत, पिकांच्या मुळांपाशीही आढळली, तेव्हा हा संयम किती योग्य होता हे दिसून आले.

डॉ. नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. पाहुणे कोठले, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण उत्तर हवेसे वाटत असतानाही पुराव्याच्या पुढे एक पाऊल टाकावयाचे नाही, हा त्या फुग्याने शिकवलेला धडा मात्र कायमचा आपल्या पदरी पडला आहे.