औषधाच्या बाटलीला कुलूप

अमेरिकेत पुष्कळ घरांत बंदूक असते. तिथं मुलांचे डॉक्टर आईबापांना सांगतात : बंदूक रिकामी करून कुलपात ठेवा, गोळ्या दुसऱ्या कुलपात ठेवा अन् किल्ली लेकरांना सापडू देऊ नका. आपल्या राजूरकडं बंदूक कुणाच्या घरी? पण पराटीवर फवारायचं औषध पुष्कळांच्या घरी असतं. कधी खाटेखाली, कधी न्हाणीतल्या फळीवर. त्याला आपण ‘औषध’ म्हणतो, घोटाळा इथूनच सुरू होतो. लेकराला खोकला झाला तरी औषधच देतो ना? घरात त्याला सरळ ‘विष’ म्हणावं, असं माझं मत.

२०१७ चा हंगाम आपला जिल्हा विसरलेला नाही. फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. ती कामाची, धडधाकट माणसं होती. लेकराचं अंग ते केवढं! त्याला एक घोटही फार होतो.

त्याआधी १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात, गंडामन गावच्या शाळेत दुपारचं जेवण जेवून २३ मुलं दगावली. तपासणीत तेलामध्ये मोनोक्रोटोफॉस सापडलं. आपल्याकडं पराटीवर मारायचे तेच. म्हणून विषाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात तेल, पाणी, धान्य काहीच भरायचं नाही. डबा भोकं पाडून निकामी करा. अन् उरलेलं विष थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवणं तर सगळ्यात वाईट. लेकरू बाटली ओळखतं, आतलं काय ते त्याला काय ठाऊक?

विष त्याच्या मूळ बाटलीतच राहू द्या. बाटलीवर चौकोनी खूण असते. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण हिरवा आहे म्हणून लेकराच्या हाताशी ठेवायचा नसतो. जुनी लोखंडी पेटी घ्या, कुलूप लावा, स्वयंपाकघर अन् जनावरांच्या चाऱ्यापासून लांब ठेवा. नुसतं उंचावर ठेवून भागत नाही, चार वर्षांचं पोरगं डब्यावर डबा रचून चढतं. मापायचं झाकण, ढवळायची काडी, फवारणीचा पंपही तिथंच. घरधनी फवारून आले की हातपाय धुऊन कपडे बदलेपर्यंत लेकरांना त्यांच्याजवळ जाऊ देऊ नका, अन् ते कपडे वेगळे धुवा. पेटीला पैसे नसतील तर बचत गटाच्या बैठकीत विषय काढा. चार घरांत मिळून एक पेटी चालते.

एवढं करूनही लेकरानं तोंडाला लावलंच तर? तोंडातून लाळ, घाम, उलट्या, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होणं, अंग थरथरणं, श्वास लागणं ही काही विषांची लक्षणं. लक्षणं दिसायची वाट पाहू नका. उलटी करवू नका. दूध, मीठपाणी, लिंबू काही पाजू नका. विष लागलेले कपडे काढा, अंग साबणपाण्यानं धुवा, लेकरू गुंगीत असेल तर कुशीवर निजवा अन् १०८ ला फोन लावा. बाटली पिशवीत घालून सोबत न्या. मोनोक्रोटोफॉससारख्या विषावर ॲट्रोपिनचं इंजेक्शन असतं, काही विषांवर उतारा नसतोच. कोणतं विष आहे ते डॉक्टरांना त्या चिठ्ठीवरूनच लवकर कळतं, म्हणून बाटलीवरची चिठ्ठी कधी खरडून काढू नका.