एक नस झोपते, एक जागी होते

उस्मानपुऱ्यातल्या संत एकनाथ रंगमंदिरात नाटकाची तिसरी घंटा होते. समजा, चौथ्या रांगेत सत्तरीचे एक काका बसलेत. ऐकणं पार गेलेलं, श्रवणयंत्राचाही उपयोग नाही. घंटा झाली हे त्यांना दिवे मालवले की कळतं.

अशा कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवता येतं. शस्त्रक्रिया सहसा पूर्ण भूल देऊनच होते, लहान मुलांची तर हमखास. पण काकांचं हृदय किंवा फुप्फुसं नाजूक असतील, तर निवडक रुग्णांत ती नुसती कानाची जागा बधिर करूनही करतात.

कानामागे लिग्नोकेनचं इंजेक्शन, सोबत चिमूटभर अ‍ॅड्रेनॅलिन. नसेतला निरोप म्हणजे विजेची लाट. बारीक दारांतून सोडियम आत घुसला की ती उठते. लिग्नोकेन ती दारंच अडवतं. वेदना वाटेतच थांबते. अ‍ॅड्रेनॅलिन रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून रक्त कमी जातं आणि औषध जागेवर टिकतं.

मग ड्रिल. ऐकू येणाऱ्याला कानाजवळची ती घरघर नकोशी होते. काकांना जाणवते फक्त कवटीतली थरथर. गंमत अशी, की ‘डोकं हलवू नका’ हेही त्यांना ऐकू जाणार नाही! खुणा आधीच ठरवाव्या लागतात. ड्रिलची वाट जाते चेहरा हलवणारी नस आणि जिभेची चव नेणारी नस यांच्या मधून. फट जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची.

पलीकडे आतल्या कानाचा वाटाण्याएवढा शंख, अडीच वेढ्यांचा. उलगडला तर साधारण 35 मिलिमीटर. दाराशी घंटेची किणकिण उमटते, टोकाशी डग्ग्याचा घुमारा. आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत, पण मागची श्रवणनस बऱ्याचदा शाबूत असते. तिला थेट वीज द्यायची, एवढीच युक्ती. त्यासाठी 12 ते 22 विद्युतटोकांची लवचीक तार शंखात सरकवतात. ती वळणावळणानं आत जाईल कशी, हे कोडं ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅम क्लार्क यांना 1977 मध्ये समुद्रकिनारी सुटलं. हातातल्या शंखात त्यांनी गवताचं पातं सरकवलं: बुडाशी ताठ, टोकाशी लवचीक. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये त्यांनी आपली पहिली इम्प्लांट शस्त्रक्रिया केली.

आता गंमत बघा. तारेतली वीज श्रवणनसेत जी उघडते, ती सोडियमचीच दारं. इंचभर अंतरावर एका नसेची दारं बंद, म्हणून दुसरीची उघडता येतात. लिग्नोकेन काही तासांत उतरतं. यंत्र मात्र जखम भरल्यावर, काही आठवड्यांनी सुरू करतात. 1957 मध्ये पॅरिसमध्ये असा पहिला प्रयोग झाला, तेव्हा त्या रुग्णाला रातकिड्यांसारखी किरकिर ऐकू आली होती. काकांनाही सुरुवातीला आवाज असेच चमत्कारिक वाटतील. त्या किरकिरीतली तिसरी घंटा कोणती, हे मेंदूला महिनोन्‌महिने शिकावं लागेल. दिवे मालवायच्या आधी.